एलियासचं दूध

खर्नूबात लग्न ठरलं की पहिलं बोलावणं शेखना आणि दुसरं सैदेला. शेखशिवाय निकाह लागत नाही हे खरं. पण सैदेशिवाय लग्न लग्नासारखं वाटत नाही, हेही तितकंच खरं. आता गंमत बघा. गाव सगळं सुन्नी, भोवतालच्या डोंगरांवर जिकडे बघाल तिकडे मारोनी ख्रिस्त्यांची गावं, आणि या गावच्या लग्नात गायला बाई कोण, तर गळ्यात क्रूस घातलेली मारोनी विधवा! खालच्या खोऱ्यातल्या तिच्या माहेरच्या बायका टोमणे मारायच्या, "सैदे, आता डोक्याला रुमाल तेवढा बांध म्हणजे झालं."

"बांधते की," ती म्हणायची. "केस पिकलेत. झाकलेलेच बरे."

लग्नात बायकांच्या घोळक्यातून एकीने हात तोंडाशी नेऊन 'आवीहा!' अशी हाक घालायची, चार ओळी म्हणायच्या, आणि मग बाकीच्यांनी जिभा हलवत लिलिलिली करून छप्पर उडवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. सुन्नी असो, मारोनी असो, सगळ्यांची तीच. बाकीच्या बायका आजीकडून आलेल्या ओळी म्हणत. सैदेला ते चालत नसे. ती प्रत्येक लग्नाला नव्या ओळी जुळवायची आणि त्यात नवऱ्याच्या आजोबांचं गाढवसुद्धा आणायची. आपल्यावर सैदेने काय रचलंय, याची नवऱ्या मुलींना कपड्यांपेक्षा जास्त काळजी असे.

ती या गावात आली जिर्जिसची बायको म्हणून. जिर्जिस खरूबाच्या शेंगांची काकवी काढणाऱ्या गिरणीवर कामाला होता. गावाला एकच रस्ता, त्याच्या एका टोकाला मशीद आणि दुसऱ्या टोकाला गिरणी, आणि गिरणीला लागून सैदेचं घर. जिर्जिस गेला, थोरला बुतरोस बैरूतला नोकरीला लागला, दर रविवारी फोन करून म्हणायचा, "आई, इकडे ये, तिथं तुझं आहे कोण?" सैदे म्हणायची, "माझी भांडणं सगळी इथं आहेत. तिकडे येऊन भांडू कोणाशी?"

आणि खरं सांगायचं तर इथं तिचा हैसम होता.

हैसम तिच्या दुधाचा, हे गावाला ठाऊक होतं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात समुद्राकडे जाणारा रस्ता बंद झाला. दुकानातली दुधाची पावडर संपली. गोळ्यांच्या आवाजाने बाळंतीण सल्वाचं दूध आटलं. त्याच आठवड्यात सैदेचं तान्हं, एलियास, तापाने गेलं. डॉक्टर नाक्यापलीकडे होता आणि नाका उघडेना. बाळ गेलं, पण ते दुधाला कोण सांगणार? छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. तेव्हा सल्वा आपलं रडतं पोर घेऊन दारात येऊन उभी राहिली. सैदेने हात पुढे केले.

पुढे सल्वा तिला म्हणाली होती, "आता हा तुझ्या बुतरोसचा भाऊ झाला बरं का." सैदेला वाटलं, उपकार झाले की माणसं असं गोड बोलतात. तशी तिला खर्नूबातली कुठली गोष्ट ठाऊक नव्हती? रोजा कधी सुटतो, मयताच्या घरी काय बोलायचं, ईदला आधी कोणाच्या घरी जायचं, सगळं तोंडपाठ. हे एक वाक्य मात्र तिने नुसतं गोड बोलणं म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. तिथंच घात झाला.

हैसम मोठा झाला आणि बंद पडत आलेली गिरणी त्याने हातात घेतली. बाकीची पोरं कोणी कुवेत, कोणी सिडनी. खर्नूबातल्या मुलींचे तर हाल विचारू नका. खोऱ्यात धडधाकट मुलगे भरपूर, पण सगळे बाप्तिस्मा झालेले. त्यांच्याकडे बघायची सोय नाही. मग त्रिपोलीचं स्थळ शोधा, नाहीतर परदेशातला कोणी उन्हाळ्यात सुट्टीवर येतो का बघा. अशात हैसमने रुवैदाला मागणी घातली. मुलगा गावचा, मुलगी गावची, आणि दोघंही इथंच राहणार! कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुख्तार, म्हणजे आमचा गावप्रमुख, गिरणीचं दार स्वखर्चाने रंगवून देतो म्हणाला. तो चिक्कू माणूस, त्यावरून काय ते समजा.

रुवैदा खालच्या सरकारी शाळेत शिकवायची. शाळेतून येताना गिरणीच्या फाटकाशी रोज थांबायची. सैदे अंगणात असायचीच, त्यामुळे बोलायला गावाची हरकत नव्हती.

"आई, एक सांग," एकदा हैसम कढईतली काकवी ढवळता ढवळता मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "तू बाईमाणूस. हिचे केस पाहिले असशील. कसे आहेत?"

"डोक्यावर आहेत," सैदे म्हणाली.

"तसं नाही गं. रंग कुठला?"

"हिरवा."

"काळेच असणार. भुवया काळ्या आहेत म्हणजे केस काळेच."

फाटकाबाहेरून रुवैदा म्हणाली, "निकाह झाला की कळेल. तोवर काकवी हलव, करपतेय."

करपत होती खरंच. सैदे हसून हसून बाकावर बसली. तिला वाटलं, आता मेलं तरी चालेल. तिच्या मनात एक गोष्ट होती, गेली सव्वीस वर्षं कोणाला न सांगितलेली, आणि ती सांगायची वेळ आता आली होती.

त्याच हिवाळ्यात रुवैदाची आई नजाह टायफॉइडने त्रिपोलीच्या इस्पितळात अडकली होती. तान्ही रुवैदा आजीपाशी, हाज्जा फौझियापाशी. हाज्जा म्हणजे मानी बाई. मक्केला जाऊन आलेली, मरेपर्यंत कोणाकडे मीठ उसनं मागितलं नाही. पण नात भुकेने निळी पडायला लागली तेव्हा दिवेलागणीला मागच्या दाराने सैदेकडे आली. म्हणाली, "कोणाला बोलू नकोस. माझ्या घरचं लेकरू दारोदार दुधाला फिरलं असं नको व्हायला. सल्वालासुद्धा नाही." सैदेने शब्द दिला. मग रोज दिवसा सल्वाचा मुलगा आणि दिवेलागणीला हाज्जाची नात. ही नात दूध पिताना सैदेच्या गळ्यातली साखळी मुठीत धरायची आणि हाज्जा दर वेळी तो क्रूस हळूच पोरीच्या हातातून सोडवून सैदेच्या झग्यात आत सरकवायची. नजाह बरी होऊन आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की मुलगी शेळीच्या दुधावर आणि बडीशेपेच्या पाण्यावर वाढली. हाज्जा गेली, तीही कोणाला न सांगता.

हाज्जा असती तर मुलीसाठी हैसमचं नाव निघताक्षणी नाही म्हणाली असती. पण ती नव्हती, आणि सैदेला वाटलं, आता कसली लाज? मुलगी हैसमच्याच घरात निघालीय. यासारखा योग कुठला?

फातिहा वाचायच्या दिवशी, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी कुराणातले ते श्लोक एकत्र म्हणून सोयरीक पक्की करायच्या दिवशी, नजाहचं घर माणसांनी फुलून गेलं. बाहेरच्या खोलीत शेख अब्दुलहादी आणि पुरुष, आत बायका. फातिहा झाला, बाहेरून "मुबारक, मुबारक" ऐकू आलं, आणि सगळ्या बायका सैदेकडे वळल्या. सैदे उठली. निळा झगा, पॉलिश केलेले बूट. हात तोंडाशी नेला.

"आवीहा! डावीकडे पाजला नवरा, भुकेला वाघ जसा,
आवीहा! उजवीकडे पाजली नवरी, चिमणीचा घास जसा,
आवीहा! एलियासचं माझ्या दूध वाया गेलं नाही,
आवीहा! वाटून प्यायलेले दोघं एका घरात नांदोत!"

लिलिलिली सुरू झालं, सवयीने. मागच्या पोरींनी जोरात सुरू केलं. पुढच्या म्हाताऱ्या मात्र तोंड उघडून तशाच राहिल्या. मग मागचाही आवाज एकेक करून बंद पडला. शेखच्या बायकोने हातातली मिठाईची थाळी खाली ठेवली.

"उम्म बुतरोस," ती म्हणाली. सैदेला गावात अशीच हाक मारत, बुतरोसची आई म्हणून. "परत म्हण बघू."

आणि सैदेला, त्या वेडीला वाटलं, ओळी इतक्या आवडल्या! तिने खांदे सरळ केले आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने, बाहेर पुरुषांनाही नीट ऐकू जावं अशा आवाजात, चारही ओळी परत म्हटल्या.

बाहेरची खोली गप्प झाली.

नजाहने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग सल्वा आली. दार लावलं. नजाहचा चेहरा पांढरा पडला होता. "हे काय बोललीस? माझ्या मुलीला तू कधी पाजलंस?"

सैदेने सांगितलं. हाज्जा, मागचं दार, साखळी, सगळं. सांगताना तिला अजून वाटत होतं की आता या दोघी गळ्यात पडून रडतील.

"एकदाच ना?" सल्वाने विचारलं. "एखाद्या वेळी? तोंडाला लावलं असशील नुसतं?"

"एकदा काय? हिवाळाभर! काय गुटगुटीत झाली होती पोर."

सल्वा मटकन जमिनीवरच बसली. नजाहने कपाळाला हात लावला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "उम्म बुतरोस, आमच्यात एका बाईचं दूध प्यायलेली मुलं सख्खी भावंडं होतात. त्यांचं लग्न लागत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

"पण मी काही त्यांची आई नाही," सैदे म्हणाली. "मी पाजलं फक्त."

"आहेस," सल्वा जमिनीवरून म्हणाली. "दोघांचीही."

त्या दिवशी कॉफीचे पेले भरलेले तसेच राहिले. माणसं चपला शोधत निघून गेली. सैदे मागच्या दाराने घरी आली. तिने झगा काढला, बूट काढले, आणि पलंगावर बसून आपल्याच तोंडावर चापट मारली. एकदा मारून भागेना, पुन्हा मारली. सव्वीस वर्षं शब्द पाळला आणि बोलली ती नेमकी तेव्हा, जेव्हा न बोलण्याने जग चाललं असतं!

दुसऱ्या दिवशी शेख तिच्याकडे आले. शेख अब्दुलहादी हे काही कडक माणूस नव्हते. रुवैदाला कुराण त्यांनीच शिकवलं होतं आणि हैसमच्या गिरणीची काकवी ते सगळ्या जिल्ह्यात वाखाणत फिरायचे. ते बाकावर बसले.

"उम्म बुतरोस, एकट्या बाईच्या सांगण्यावर आमचं न्यायालय लग्न अडवत नाही," ते म्हणाले. "त्रिपोलीला कोणीही काझी हा निकाह लावून देईल. पण मला ठाऊक असताना मी नाही लावू शकत. माझा हात उचलणार नाही. तुमची चूक झाली असेल, आठवणीत घोळ झाला असेल, तर तसं सांगा. मी आनंदाने लावीन. खरं असेल तर तेही सांगा. शपथ नको. तुमचा शब्द पुरे." मग उठताना म्हणाले, "घाई नाही. विचार करा."

विचार करा म्हणे! विचार करायला गावाने तिला सोडलं तर ना. सकाळी सल्वा आली, पाया पडायलाच निघाली. दुपारी नजाह आली, म्हणाली, "माझ्या सासूने तुला गप्प राहायला सांगितलं होतं ना? मग आता राहा की गप्प. आता का बोललीस?" मुख्तार आला, गावाच्या भविष्यावर बोलला, गिरणीवर बोलला आणि दाराच्या रंगाबद्दल काहीच बोलला नाही. संध्याकाळी हैसम आला. तो अंगणात उभाच राहिला.

"आई, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

"नाही मागितलंस."

"चूक झाली एवढंच म्हण. म्हातारी झाले, विसरले, म्हण. मला खरं काय ते ऐकायचंच नाही. तू सांगू नकोस आणि मी विचारणार नाही."

त्याच्या नखांत काकवी सुकलेली होती. सैदेने ते हात धरले आणि होकारार्थी मान हलवली.

तरी तिचं मन खाऊ लागलं म्हणून ती खोऱ्यात चर्चला गेली, फादर यूहन्नांकडे. फादर म्हणाले, "आपल्याकडे दूध म्हणजे दूध. त्याने कोणी कोणाचं होत नाही."

"मग तसं त्यांच्या शेखना सांगा ना तुम्ही!"

"सैदे, बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या धर्मपित्याचं त्याच धर्मकन्येशी मी लग्न लावीन का? रक्ताचं काही नातं नसतं त्यांचं. लावीन?"

"छे! काहीतरीच काय."

"झालं तर मग. उद्या शेख मला येऊन सांगायला लागले, त्यात काय एवढं, लाव, तर?" फादरांनी हात पसरले. "मी काय करू, तू सांग."

सैदे चर्चमागच्या दफनभूमीत गेली. एलियासच्या छोट्या दगडावरची वाळलेली पानं झटकली आणि वर गावाची वाट धरली.

शेख पुन्हा आले तेव्हा तिने कॉफी पुढे ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. "मी चुकले. डोकं ठिकाणावर नाही राहिलं माझं. ती मुलगी रुवैदा नव्हती, दुसरीच होती. पलीकडल्या कुठल्याशा गावची."

"कुठली?"

"गेली ती. लहानपणीच गेली."

नसलेलं एक लेकरू तिने बोलता बोलता जन्माला घातलं आणि मारूनही टाकलं. शेखनी तिच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं. "मग रुवैदा नव्हती."

"नव्हती. मार सरकीसची शपथ, नव्हती."

"शपथ नको म्हटलं होतं मी," शेख हळूच म्हणाले. पण चेहरा उजळला होता त्यांचा. तेही बिचारे माणूसच. त्यांनाही हेच ऐकायचं होतं.

बातमी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला कितीसा वेळ लागणार? सल्वाने शेजारी मिठाई वाटली. मुख्तारने रंगाचा डबा आणून गिरणीच्या दाराशी ठेवला. सैदेच्या खोटेपणाबद्दल गावाने तिला मनातल्या मनात जितका दुवा दिला, तितका आयुष्यभराच्या गाण्यांबद्दल दिला नव्हता. ती मात्र जेवली नाही. पाप लागेल याची तिला भीती नव्हती. मार सरकीस या आपल्या संताशी तिचं जुनं भांडण होतं, त्याने एलियासला वाचवलं नव्हतं, तेव्हा एक खोटी शपथ त्याने सोसायलाच हवी होती. तिला टोचत होतं ते वेगळंच. ते दूध होतं म्हणून त्या हिवाळ्यात ती जगली होती. एलियास जाऊनही काहीतरी त्याचं उरलं, दोन जिवांत गेलं, चालतंबोलतं समोर फिरतंय, हे ती रोज बघत आली होती. आता त्यातल्या अर्ध्यावर तिने स्वतःच्या तोंडाने माती लोटली होती. लोटू दे, ती मनाला म्हणाली. पोरं सुखी होऊ देत.

शाळा सुटल्यावर रुवैदा आली. आज ती फाटकाशी थांबली नाही. सरळ आत आली आणि सैदेच्या शेजारी बाकावर बसली.

"मावशी, तू शेखना सांगितलंस ते कळलं. तू माझ्यासाठी केलंस, ते विसरणार नाही मी. आता मला सांग."

"तेच सांगते. तू नव्हतीस."

"बरं. मग एलियासची शपथ घे."

सैदे हसली. "त्याची कसली शपथ, तान्हं पोर ते..."

"घे की. मार सरकीसची घेतलीस ना? एलियासची घे. एवढंच म्हण, 'एलियासची शपथ, तुला मी पाजलं नाही.' मी लगेच उठून जाते, आणि शुक्रवारी निकाह."

सैदेने तोंड उघडलं. "एलियासची..." ती म्हणाली. तिने पुन्हा सुरुवात केली. "एलियासची..." छातीत कळ आली. इतक्या वर्षांनी, कोरड्या छातीत, अगदी तशीच. तिने हाताने छाती दाबून धरली.

"पुरे मावशी," रुवैदा म्हणाली. "नको. कळलं मला."

"कशाला विचारलंस गं!" सैदे ओरडलीच. "झाकलं होतं ना मी! कोणी काही म्हणणार नव्हतं! मेलीस का तू न विचारता?"

"मला त्याच्या मुलांची आई व्हायचं होतं." रुवैदाचा आवाज शाळेत धडा सांगताना असतो तसाच होता, फक्त बारीक. "रोज मुलांना जेवायला वाढताना मनात आलं असतं. तू गप्प राहिली असतीस, शेख गप्प राहिले असते, आणि मी त्याच्याकडे बघून विचार करत बसले असते, हा माझा भाऊ तर नाही? मावशी, एलियासची शपथ घेऊन तू खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं मला. नक्की काहीतरी कळायला हवं होतं."

मग ती सैदेच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि रडता रडता तिची मूठ सैदेच्या गळ्यातल्या साखळीपाशी कधी गेली ते तिलाही कळलं नाही. सैदेला कळलं. तिने तो क्रूस सोडवला नाही.

रुवैदाने शेखना एवढंच सांगितलं, "मला हे लग्न करायचं नाही. मावशीला आता कोणी काही विचारायचं नाही." शेख समजले. त्यांनी पुढे विचारलं नाही, फक्त म्हणाले, "पोरी, माझ्या हातात असतं तर..." आणि वाक्य तिथंच टाकून नमाजाला गेले. गावाला काय समजायचं ते गावाने समजून घेतलं. कोणी रुवैदाला बोल लावला, शिकलेल्या मुली अशाच म्हणून, कोणी सैदेला. खर्नूबात बोल लावायला माणसं तरी किती? फिरून फिरून तीच तीन घरं.

हैसम कोणाशी भांडला नाही. भांडला असता तर सैदेला बरं वाटलं असतं. तो गिरणीत जायचा, कढई ढवळायचा, आणि रुवैदा शाळेतून यायच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन उभा राहायचा. रस्ता एकच, ती दुसरीकडून जाणार कशी? आणि तो लपणार कुठे? असे काही आठवडे गेले आणि मग सिडनीच्या मामाने त्याला बोलावून घेतलं. रंगाचा डबा न उघडता मुख्तार परत घेऊन गेला.

जायच्या दिवशी दुपारी तो गिरणीची किल्ली द्यायला सैदेच्या अंगणात आला. मशिदीपाशी टॅक्सी उभी होती. सैदेने काकवीची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून दिली, सांडली तर कपडे खराब होतील म्हणून बजावलं, आणि अजून काहीतरी बजावायचं ते तिला आठवेना. तेवढ्यात फाटक वाजलं. रुवैदा आली होती. हैसम सवयीने भिंतीकडे वळला.

"इकडे बघ," ती म्हणाली.

"नको."

"शेखनाच विचारलं मी. भावापुढे पडदा नसतो म्हणाले."

तिने रुमालाची एक टाचणी काढली, बाकावर ठेवली. मग दुसरी. रुमाल सैल झाला आणि तिने तो ओढून खांद्यावर घेतला. उन्हात तांबूस केस मोकळे झाले, कढईतून नुकत्या काढलेल्या काकवीच्या रंगाचे. हैसमने मान तिच्याकडे वळवली. सैदेने बाहीचं टोक तोंडात कोंबलं. तिला माहीत होते ते केस, पण असे बघायचे नव्हते तिला.

तो बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"मला काळे वाटले होते," तो म्हणाला.

"तू सारखं तेच म्हणायचास."

मग तो पुढे आला. आजवर त्याने तिच्या हातालाही हात लावलेला नव्हता. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावर ओठ टेकले, जसे बहिणीच्या कपाळावर टेकवतात तसे, आणि पिशवी उचलून निघाला. फाटकाशी पोचेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

"दादा," रुवैदाने हाक मारली. तो थांबला. "पोचलास की आईला फोन कर."

"सल्वाला करेलच तो," सैदे कशीबशी म्हणाली.

"सल्वाकाकूला नाही म्हटलं मी," रुवैदा म्हणाली आणि तिच्या शेजारी बाकावर बसली, केस तसेच मोकळे. "तुला."

आजवर ती सैदेला मावशी म्हणत आली होती. 'आई' या एका शब्दासाठी सैदेने कधीकाळी काय वाटेल ते दिलं असतं. टॅक्सी सुरू झाल्याचा आवाज रस्त्याच्या त्या टोकाकडून आला, आणि सैदेला वाटलं, देवा, हिने मला पुन्हा एकदा मावशी म्हणावं.